स्कॉटलंडचे पूर्वज शोधताय? पोस्ट ऑफिस डिरेक्टरी म्हणजे जनगणना नव्हे

एडिनबरा-ग्लासगोकडचं घराणं शोधणारे बरेच जण जुनी पोस्ट ऑफिस डिरेक्टरी (शहरातल्या लोकांच्या नाव-पत्त्यांची छापील यादी) जनगणनेसारखीच वाचतात, कारण दोन्हीत नाव, पत्ता, धंदा असतोच. पण दोन्ही वेगवेगळ्या कामासाठी केलेल्या आहेत आणि तो फरक कळला नाही तर माणूस समोर असून सापडत नाही.

जनगणना दर 10 वर्षांनी, तीही एका रात्रीची. 1881 ची घ्या, 3 एप्रिलच्या रात्री घरात जे जे होते ते सगळे लिहिले, बायको, तान्हं मूल, मोलकरीण, मुक्कामाला आलेला पाहुणासुद्धा, वय आणि जन्मगावासकट. (1841 ची वयं जपून घ्या, 15 च्या वरच्यांची बहुतेक 5 च्या पटीत खाली आणलीयत, म्हणजे 35 लिहिलेला माणूस 39 चाही असू शकतो.)

डिरेक्टरी ही टपाल आणि व्यापाराच्या सोयीची. एडिनबराची पहिली 1773 मध्ये पीटर विल्यमसननं काढली, शहरात पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत पत्र पोचवणारी खासगी टपालसेवा, चालवणारा तोच. यात कुटुंबप्रमुख, दुकानदार, वकील, डॉक्टर असले लोक. मुलं नाहीत, नवरा असेपर्यंत बायको सहसा नाही, विधवा झाली की 'मिसेस' म्हणून दिसायला लागते. चाळवजा इमारतीत राहणारे मजूर तर जवळजवळ नाहीतच, त्यामुळे नाव नाही म्हणजे तो शहरात नव्हता किंवा वारला असं अजिबात धरू नका.

मग उपयोग काय? तर ही मोठ्या शहरांत दरवर्षी निघायची! 1851 च्या जनगणनेत एका गल्लीत आणि 1861 च्या जनगणनेत भलत्याच गल्लीत दिसणारा किराणावाला मधे कधी हलला, ते हिच्यात वर्षावर्षानं दिसतं, आणि कितीतरी नोंदींत दुकानाचा पत्ता देऊन पुढे घराचा वेगळा दिलेला असतो, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर 1773 ते 1911 च्या 700 हून जास्त डिरेक्टऱ्या फुकट आहेत, स्कॉटलंड्सपीपल या सरकारी नोंदींच्या साइटवर जनगणनेच्या पानाला पैसे पडतात. म्हणून आधी डिरेक्टरीत पत्ता पक्का करा, मगच तिकडे जा. आणि मॅकडोनाल्ड, मॅकेन्झी वगैरे शोधत असाल तर डिरेक्टरीत 'मॅक' बऱ्याचदा पूर्ण छापलेलं नसतं, नुसता एम आणि वर स्वल्पविरामासारखी खूण असते, सर्चला ते कळेलच असं नाही, तिथे पानं हातानंच उलटा.