मर्लिन की मेटिऑर? जुन्या रणगाड्यात बदली इंजिन बसवण्याआधी

क्रॉमवेल, कॉमेट किंवा सेंच्युरियन यांपैकी एखादा जुना ब्रिटिश रणगाडा पुन्हा चालता करायला घेतला आणि त्याचं इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलेलं निघालं, की रोल्स-रॉइसच्या मेटिऑर या रणगाड्याच्या इंजिनाचा शोध सुरू होतो. त्या शोधात कधीतरी त्याच कंपनीचं मर्लिन इंजिन समोर येतं, स्पिटफायर आणि लँकेस्टर विमानांतलं. दोन्ही व्ही-१२, म्हणजे V आकारात मांडलेल्या बारा सिलिंडरची, दोन्ही २७ लिटरची. सिलिंडरचा व्यास १३७ मिलिमीटर, स्ट्रोक १५२, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, हेही सारखंच. मग हे त्याच्या जागी का बसू नये, असं वाटणं साहजिक आहे.

नुसत्या लिटरवर मात्र जाऊ नये. मेटिऑरच्या आधी ब्रिटिश रणगाड्यांत असलेलं लिबर्टी इंजिनही व्ही-१२ आणि २७ लिटरचंच होतं. त्याची घडण पूर्ण वेगळी आणि क्रुसेडर रणगाड्यात त्याची ताकद ३४० हॉर्सपॉवरच्या आसपास.

मेटिऑर जन्मलं ते मर्लिनमधूनच. रोल्स-रॉइसच्या डब्ल्यू. ए. रोबोथम यांच्या गटाने १९४१ साली विमानाच्या इंजिनावरून बेतलेलं हे इंजिन क्रुसेडरमध्ये घालून चालवून पाहिलं. सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) काढला, प्रोपेलरचा वेग कमी करणारा पुढचा गिअर काढला आणि विमानाच्या १०० ऑक्टेनऐवजी कमी प्रतीच्या पेट्रोलवर चालेल अशी रचना केली. ताकद ६०० हॉर्सपॉवर भरली. विमानासाठी नापास झालेले मर्लिनचे भागही मेटिऑरमध्ये वापरले गेले, म्हणून दोन्ही इंजिनं उघडून ठेवली तर ओळखीचे भाग बरेच दिसतात आणि गोंधळ वाढतो.

खरा फरक बाहेरून दिसत नाही. रणगाड्याच्या गिअरबॉक्सशी जुळावं म्हणून मेटिऑरची फिरण्याची दिशा मर्लिनच्या उलट केलेली आहे. क्रॉमवेलच्या मेरिट-ब्राउन गिअरबॉक्सला पुढचे पाच गिअर आणि मागचा एक. तिथे मर्लिन जसंच्या तसं जोडलं, तर रणगाड्याला मागे जायला पाच गिअर मिळतील आणि पुढे जायला एक! दिशा बदलायची तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि इग्निशनपासून सुरुवात करावी लागते, शिवाय स्टार्टर आणि पंप कुठल्या दिशेने चालतात तेही तपासावं लागतं. हे काम नव्याने इंजिन बांधण्याइतकंच आहे.

सुपरचार्जर नाही म्हणजे मेटिऑर, हा ठोकताळाही माझ्या मते धोक्याचा. मर्लिनचा सुपरचार्जर कुणीही काढू शकतं. त्यापेक्षा इंजिनालाच विचारावं. मॅग्नेटो (प्लगना ठिणगीची वीज देणारा भाग) अर्थ करा, प्लग काढा, कॅमशाफ्टवरचं कव्हर उघडा आणि गिअरबॉक्सला हव्या असलेल्या दिशेने क्रँक हाताने सावकाश फिरवा. एकाच सिलिंडरकडे बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतानाच इनलेट उघडू लागला, तर दिशा बरोबर. इनलेट मिटताना एक्झॉस्ट उघडू लागला, तर ते इंजिन उलट्या दिशेचं आहे. तिथेच थांबा. ही तपासणी इंजिन विकत घेण्याआधी करायची, क्रेनला टांगल्यावर नाही.

आणि सुपरचार्जरसकट मर्लिन घालून हजारावर हॉर्सपॉवर मिळवण्याचा मोह? त्या वाहनाचे क्लच, गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह (चाकांना ताकद देणारे शेवटचे गिअर) सहाशे हॉर्सपॉवरच्या हिशेबाने केलेले आहेत. विमानात पुढून येणारा वारा रेडिएटरमधून जातो. रणगाड्यात इंजिनच्याच ताकदीवर पंखे फिरवून हवा ओढावी लागते, आणि तीही चिलखताच्या जाळीतून. वाढलेली उष्णता बाहेर टाकायला तिथे जागाच नसते. सुपरचार्जर काढला तर मर्लिनची ती जादा ताकदही उरत नाही, म्हणजे एवढी खटपट करून हाती काहीच लागत नाही. शिवाय उडणाऱ्या विमानांना मर्लिन हवंच असतं. चांगलं मर्लिन रणगाड्यासाठी कापणं मला तरी पटत नाही.

मेटिऑर मिळालं तरी त्याचा मार्क, म्हणजे आवृत्ती, पाहा. कॉमेटमध्ये मार्क ३ होतं, सेंच्युरियनमध्ये मार्क ४ची मालिका, आणि त्यातलं ४बी ६५० हॉर्सपॉवरचं. इंजिनाचे माउंट, क्लचकडची बाजू आणि एक्झॉस्टची तोंडं जुन्या इंजिनाशी मोजून ताडल्याशिवाय व्यवहार करू नका. मीटिऑराइट नावाचं एक इंजिनही कधी समोर येईल. ते याच घराण्यातलं, पण व्ही-८ आणि १८ लिटरचं, थॉर्निक्रॉफ्ट अँटार या अवजड ट्रकसाठीचं. तेही या जागी चालणार नाही.