अक्षरे तीच, म्हणून धातूही तोच? हिब्रू शब्दांबद्दलचा एक गैरसमज

‘हिब्रूतला प्रत्येक शब्द ३ व्यंजनांच्या धातूतून येतो, त्यामुळे धातू कळला की अर्थ कळलाच’, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यात बरेच तथ्य आहे, म्हणूनच ते पटते. क-त-व म्हणजे लिहिणे. त्यातून मिख्ताव (पत्र), क्तोवेत (पत्ता) आणि कतावा (वृत्तलेख) येतात. फार सुंदर जुळणी!

पण स-प-र घ्या. सेफेर (पुस्तक), सिफ्रिया (ग्रंथालय) आणि मिस्पार (संख्या) हे एका घरातले, कारण मोजणे आणि सांगणे एकाच धातूत आहे. सपार (न्हावी) आणि मिस्पारायिम (कात्री) मात्र ‘कापणे’ या निराळ्या धातूचे. दिव्याची वात संस्कृत ‘वर्ति’पासून आली आणि आयुर्वेदातला वात म्हणजे वारा, तसेच हे.

कधी जुने वेगळे उच्चार हिब्रूत एक झाले. ‘नांगरणे’ आणि ‘बहिरा’ दोन्हींत ह-र-श दिसते, पण हिब्रूच्या नात्यातल्या अरबीत हे उच्चार वेगळेच राहिले: पहिला ह-र-थ, दुसऱ्याचा सोयरा ख-र-स (मुका). तिल्फेन (फोन केला) तर सरळ ‘टेलिफोन’वरून घडलेला, ४ व्यंजनांचा.

पडताळायला धातुवार शब्दकोश उघडा. त्याच अक्षरांखाली १, २ असे आकडे दिसले, तर धातू वेगळे समजा. नवा शब्द आधी वाक्यात अर्थासह शिका, कुटुंब नंतर जोडा.