चिन्ह दिसलं म्हणजे सिनेमा त्यांचाच, असं नाही

सुरुवातीला ज्या कंपनीचं चिन्ह झळकतं, सिनेमा तिनंच काढला, हा समज यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत अजून पक्का आहे. पण तयार सिनेमा नुसता वितरणासाठी घेणारी कंपनीही आपलं चिन्ह लावते. सेन्सॉर प्रमाणपत्र वाचा: त्यावर निर्माता आणि अर्जदार (प्रमाणपत्रासाठी अर्ज करणारा) यांची नावं वेगवेगळी दिलेली असतात. मात्र ते काही सेकंदच दिसतं, अन् नेमकं तेव्हाच लोक खुर्ची शोधत असतात! १९२९ साली कोल्हापुरात निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीची गोष्ट निराळी. स्टुडिओ स्वतःचा, कलाकार पगारी. तिच्या चिन्हातल्या तुतारीवर भरवसा ठेवता यायचा. शिवाय वितरणाचे हक्क सर्किटवार, म्हणजे ठरलेल्या विभागांनुसार, विकले जातात. विदर्भ सीपी-बेरार (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) सर्किटमध्ये मोडतो, त्यामुळे इकडचा वितरक मुंबईपेक्षा वेगळा असू शकतो.