ध्रुवसंरेखन (दुर्बिणीचे)

विषुववृत्तीय माउंटचा (ताऱ्यांचा पाठलाग करणाऱ्या दुर्बिणीच्या बैठकीचा) ध्रुवीय अक्ष पृथ्वीच्या परिवलन-अक्षाला समांतर करणे म्हणजे ध्रुवसंरेखन. हा अक्ष जुळला की एकच मोटर २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी या नाक्षत्र गतीने चालवून तारा कॅमेऱ्याच्या चौकटीत एका जागी धरता येतो. दुर्बिणीतून फक्त डोळ्यांनी पाहायचे तर ढोबळ जुळणीही चालते. छायाचित्रणात मात्र १ कलेच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) चुकीनेही तारा क्रांतीच्या, म्हणजे आकाशातील उत्तर-दक्षिण, दिशेने मिनिटाला पाव विकलेपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो आणि दहा मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये त्याचा ठिपका लांबट होऊ शकतो.

ध्रुवतारा नेमका खगोलीय ध्रुवावर, म्हणजे पृथ्वीचा अक्ष आकाशात जिथे रोखलेला आहे त्या बिंदूवर, नाही. तो अर्ध्या अंशाहून थोड्या अधिक अंतरावरून ध्रुवाभोवती रोज फिरतो. म्हणून अक्षात बसवलेल्या ध्रुवदर्शक दुर्बिणीत तो त्या वेळेच्या आणि रेखांशाच्या हिशेबाने वर्तुळावरील ठरावीक खुणेवर आणावा लागतो. संपातचलनामुळे (पृथ्वीच्या अक्षाची दिशा सावकाश बदलत असल्याने) ध्रुवही वर्षाला सुमारे २० विकला सरकत असल्याने २००० सालचे निर्देशांक २०२५ मध्ये वापरल्यास आठ कलांची चूक पदरी पडते. दक्षिण गोलार्धात ध्रुवाजवळ असलेला सिग्मा ऑक्टंटिस हा तारा तर इतका मंद आहे की शहरी उजेडात तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

ध्रुव इमारतीआड असेल तेव्हा विचलन पद्धत उपयोगी पडते. खगोलीय विषुववृत्त आणि याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) यांच्या छेदाजवळचा तारा उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे सरकू लागला, तर अक्ष पूर्वेकडे वळलेला असतो. पूर्व क्षितिजाजवळचा तारा तसाच सरकला, तर अक्ष खाली झुकलेला असतो. पहिल्या चाचणीने अक्षाचा दिगंश (डावी-उजवी दिशा) आणि दुसरीने उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) सुधारतात. ही पद्धत वेळखाऊ असली तरी तिला आकाशाच्या दोन तुकड्यांपलीकडे काही लागत नाही. आता बहुतेक जण विषुवांश-अक्ष (म्हणजे ध्रुवीय अक्षच) फिरवून दोन-तीन छायाचित्रे घेतात आणि तारे ज्या बिंदूभोवती फिरले तो संगणकाकडून काढून घेतात. कमी अक्षांशांवर ध्रुव क्षितिजालगत असल्याने वातावरणीय अपवर्तन तो वर उचलून दाखवते. २० अंश उंचीवर हा फरक अडीच कलांच्या आसपास असतो.

ऑटोगायडिंग (एका मार्गदर्शक ताऱ्यावर लक्ष ठेवून माउंटची आपोआप दुरुस्ती) असले की संरेखनाची गरज उरत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. मार्गदर्शक तारा जागी राहिला तरी बाकीची चौकट त्याच्याभोवती हळूहळू फिरते आणि कोपऱ्यांतले तारे कमानीसारखे ओढले जातात. उलट, क्रांती-अक्षाच्या (माउंटच्या दुसऱ्या, उत्तर-दक्षिण फिरवणाऱ्या अक्षाच्या) गिअरमध्ये ढिलेपणा असेल तर काही छायाचित्रकार थोडी चूक मुद्दाम शिल्लक ठेवतात, म्हणजे दुरुस्ती एकाच दिशेने करावी लागते.