पार्श्वभूमी : पाणथळ जागा उपसण्यापासून सांभाळण्यापर्यंत

दलदल म्हणजे डास, हिवताप आणि वाया गेलेली जमीन, हा समज शतकानुशतके टिकला. सतराव्या शतकात पूर्व इंग्लंडमधल्या ‘फेन्स’ या दलदलीच्या मुलखात डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मायडन याने चर खणून पाणी काढून दिले. अमेरिकेने १८५० च्या कायद्याने दलदली राज्यांच्या हवाली केल्या, त्या कोरड्या करून लागवडीखाली आणाव्यात म्हणून.

याची किंमत इस्रायलमधल्या हुला सरोवराने दाखवून दिली. १९५० च्या दशकात ते जवळजवळ पूर्ण उपसले. शेतजमीन मिळाली, पण हजारो वर्षे पाण्याखाली साचलेला वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, उघडा पडला. हवा लागताच तो खचू लागला, वाळला की आतल्या आत धुमसू लागला आणि त्यातले नायट्रेट खालच्या गॅलिली सरोवरात उतरू लागले. १९९४ मध्ये थोड्या भागात पुन्हा पाणी सोडावे लागले. मग हजारो क्रौंच उतरले आणि आजूबाजूची पिके खाऊ लागले. त्यांना शेतांपासून दूर ठेवायला ठरावीक जागी मका टाकण्याची सोय करावी लागली.

पाणी भरले की काम संपत नाही, हे इंग्लंडमधल्या मिन्समिअर या पाणथळीत आधीच कळले होते. दुसऱ्या महायुद्धात शत्रू उतरू नये म्हणून तिथला किनाऱ्यालगतचा भाग मुद्दाम पाण्याखाली घातला होता. १९४७ मध्ये उचाट्या पक्ष्यांनी तिथे घरटी केली. ब्रिटनमध्ये त्यांची वीण थांबून शंभरेक वर्षे झाली होती. तो निव्वळ योगायोग होता. १९६० च्या दशकात मात्र तिथे ठरवून उथळ तळी आणि बेटे खणली गेली आणि दारे उघडून-मिटून पाण्याची पातळी राखली जाऊ लागली. यातले मर्म खोलीत आहे. तुतवारांना चिखलावर जेमतेम पाऊल बुडेल इतके पाणी लागते, डोके बुडवून चरणाऱ्या बदकांना वीतभर, बुडी मारणाऱ्यांना त्याहून जास्त. वर्षभर एकाच पातळीला पाणी ठेवले, तर पाणकणीस सगळीकडे माजते. काही काळ पाणी उतरू दिले, की चिखलात वर्षानुवर्षे पडून राहिलेले बी उगवते.

१९७१ च्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराने पाणथळींच्या रक्षणासोबत त्यांच्या सुज्ञ वापराचीही भाषा केली. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव या पाणपक्ष्यांच्या उद्यानाला हा दुसरा भाग फार महागात शिकावा लागला. १९८२ मध्ये उद्यानात म्हशी चारायला बंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे गेली. त्यानंतर चरणारे कुणी नसल्याने पाणगवत फोफावले आणि पक्ष्यांना लागणारे मोकळे पाणी आक्रसले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रदीर्घ अभ्यासाने म्हशींची गरज स्पष्टपणे मांडली. ज्यांना शत्रू ठरवले, त्यांचीच गुरे ते तळे मोकळे ठेवत होती. १९९० मध्ये केवलादेवचे नाव रामसरच्या धोक्यातल्या स्थळांच्या नोंदवहीत गेले.

पुढे पाण्याचाच प्रश्न उभा राहिला. गंभीर नदीवर पांचना धरण झाल्यावर उद्यानाकडे येणारा नैसर्गिक ओघ घटला आणि धरणातल्या पाण्यावर वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनीही हक्क सांगितला. आता गोवर्धन नाला आणि चंबळ यांचे पाणी आणून तळी भरतात.