काटांगाचा रानउंदीर आणि पुण्याची लस

२ ऑक्टोबर २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आर२१ या हिवतापाच्या लशीची शिफारस केली. लस ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांची, उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं. तिची पाळंमुळं मात्र बेल्जियन काँगोतल्या काटांगा प्रांतात, नदीकाठच्या गर्द झाडीत आहेत.

१९४० च्या दशकात इग्नास विंक हे बेल्जियन डॉक्टर तिथे डास पकडून तपासत होते. अ‍ॅनॉफेलिस ड्युरेनी जातीच्या डासांच्या लाळग्रंथींत हिवतापाच्या परजीवीचे स्पोरोझॉइट सापडले. चावलेल्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या अंगात शिरतो तो हाच अवतार. पण या डासांच्या पोटातलं रक्त माणसाचं नव्हतं, उंदरांचं होतं. शोध घेता घेता १९४८ मध्ये विंक आणि मार्सेल लिप्स यांना झाडांवर राहणाऱ्या एका रानउंदराच्या रक्तात तो परजीवी मिळाला. त्याचं नाव ठेवलं प्लाझमोडियम बर्घी. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांतही तो सहज वाढू लागला.

तोवर हिवतापाचे प्रयोग मुख्यतः पक्ष्यांवर चालत. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कलकत्त्यात परजीवीचा डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा मार्ग शोधला तोही पक्ष्यांच्या हिवतापातून. १९४१ मध्ये मलिगन, रसेल आणि मोहन यांनी निष्प्राण केलेले स्पोरोझॉइट कोंबड्यांना टोचून त्यांच्यात प्रतिकारशक्ती येते असं दाखवलं होतं. हे काम भारतातलं, आणि पुढच्या सगळ्या कथेचं बीज त्यात आहे. त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते, याची मला खरंच खंत वाटते.

सस्तन प्राण्यांत हाच प्रयोग करायचा तर स्पोरोझॉइट हवेत, आणि घोडं तिथेच अडलं होतं. उंदराच्या रक्तात परजीवी जोमाने वाढे, पण प्रयोगशाळेतल्या डासांत त्याची वाढ पुरी होईना. उत्तर निघालं न्यूयॉर्क विद्यापीठात, मायर योएली यांच्याकडे. काटांगाचं ते रान उंच पठारावर आहे, तिथली हवा थंड. डासांना नेहमीच्या उबेत न ठेवता २० अंशांच्या आसपास ठेवलं, आणि लाळग्रंथी स्पोरोझॉइटनी भरल्या! जिथला जीव तिथली हवा, एवढंच. त्यासाठी पंधरा वर्षांहून जास्त काळ गेला होता. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत या कामासाठी अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास रुळला. आपल्या मुंबईत इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्यांत वाढतो तोच.

त्याच विद्यापीठात रूथ नुसेन्झवाइग होत्या. जन्म व्हिएन्नाचा, नाझींमुळे कुटुंबासह देश सोडून ब्राझीलला गेल्या आणि तिथेच डॉक्टर झाल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्पोरोझॉइटवर क्ष-किरण सोडले. मात्रा अशी बेतलेली, की परजीवी जिवंत राहावा, यकृताच्या पेशीत शिरावा, पण पुढे वाढू नये. असे परजीवी टोचलेल्या उंदरांना नंतर धडधाकट स्पोरोझॉइट दिले, तर बहुतेकांना संसर्गच झाला नाही. हा निबंध १९६७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

या कामातलं एक दृश्य मला फार आवडतं. संरक्षण मिळालेल्या उंदराच्या रक्तातला द्रव काचपट्टीवर घ्यायचा आणि त्यात जिवंत स्पोरोझॉइट सोडायचे. कोयत्याच्या पात्यासारखा हा बाकदार जीव मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून जेमतेम लांब. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर त्याच्याभोवती साका धरतो आणि शेपटाकडून धाग्यासारखा लोंबतो. प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, त्याच्या अंगावरचं आवरण पकडत होती. त्यावरून आवरणातल्या मुख्य प्रथिनाला सर्कमस्पोरोझॉइट प्रथिन, म्हणजे सीएसपी, हे नाव पडलं. १९८० मध्ये या आवरणावर नेमका बसणारा एकच प्रतिपिंड उंदरांना वाचवू शकतो हेही दिसलं. १९८४ मध्ये माणसाला होणाऱ्या फाल्सिपेरम हिवतापाच्या सीएसपीचा जनुक वाचला गेला, आणि लस आता हाताशी आली असंच अनेकांना वाटलं.

ती आली नाही. १९८७ च्या पहिल्या चाचण्यांत बहुतेक स्वयंसेवकांना संरक्षण मिळालं नाही. क्ष-किरण दिलेल्या परजीवींचा मार्ग माणसांतही चालतो हे १९७० च्या दशकात दिसलं होतं, पण खात्रीच्या संरक्षणासाठी असे परजीवी असलेल्या डासांचे हजारावर चावे लागतात. उंदराने दिशा बरोबर दाखवली, अंतर मात्र सांगितलं नाही. मुळात पांढरा उंदीर हा बर्घीचा नैसर्गिक यजमान नव्हे. आणि उंदरांच्याही एका जातीला जे संरक्षण चटकन मिळतं, ते दुसरीला महाप्रयासाने.

मग सीएसपीचा तुकडा कावीळ-बच्या लशीतल्या प्रथिनाला जोडून आरटीएस,एस ही लस तयार झाली. १९९७ मध्ये सातपैकी सहा स्वयंसेवक तिने वाचवले. आफ्रिकेतल्या मोठ्या चाचणीत मात्र चार डोस घेतलेल्या लहान मुलांत चार वर्षांतला परिणाम ३६ टक्क्यांच्या घरात राहिला. शिफारस २०२१ मध्ये झाली. आर२१ हे त्याच बांधणीचं सुधारलेलं रूप. तिची पारखही आधी उंदरांतच झाली, आणि त्यासाठी बर्घीच्या अंगावर फाल्सिपेरमचं सीएसपी चढवलेला परजीवी वापरला होता.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही शोभना शर्मा यांच्या गटाने पी-झिरो या वेगळ्या प्रथिनावर काम केलं. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांनी उंदरांचं दुसऱ्या एका परजीवीपासून, योएलीपासून, रक्षण केल्याचं २००० मध्ये प्रसिद्ध झालं. त्या परजीवीचं नाव मायर योएलींवरूनच ठेवलेलं आहे.

आपल्याकडच्या हिवतापात व्हायवॅक्स या दुसऱ्या परजीवीचा वाटा मोठा आहे. त्याचं सीएसपी निराळं, म्हणून पुण्यात बनणारी लस त्याच्यावर चालत नाही. शिवाय व्हायवॅक्स यकृतात महिनोन्‌महिने दडून बसतो आणि ताप पुन्हा उलटतो. बर्घीला अशी दडून बसायची अवस्थाच नाही. त्यामुळे त्या प्रश्नासाठी शास्त्रज्ञांना उंदीर बाजूला ठेवून माकडांतल्या सायनोमोल्गी परजीवीकडे जावं लागतं.