प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट

वेबसाइट बांधण्याची एक पद्धत. आधी निव्वळ एचटीएमएलवर, म्हणजे पानाचा मजकूर आणि रचना मांडणाऱ्या भाषेवर, चालेल असे पान करायचे, मग सीएसएसने त्याला रूप द्यायचे आणि शेवटी जावास्क्रिप्टने जादा सोयी जोडायच्या. वरचा थर आलाच नाही तरी मूळ काम अडता कामा नये, ही अट. स्टीव्हन चॅम्पिऑन आणि निक फिंक यांनी ही संज्ञा २००३ मध्ये ऑस्टिन येथील साउथ बाय साउथवेस्ट परिषदेत मांडली. तोवर नव्या ब्राउझरसाठी साइट बांधून जुन्यांवर ती कशीबशी चालवून घेण्याचा रिवाज होता.

थरांचा हा क्रम ब्राउझरच्या स्वभावावरून ठरतो. अनोळखी एचटीएमएल टॅग (मजकुराचा प्रकार सांगणारी खूण) आला तर ब्राउझर त्यातला मजकूर तसाच दाखवतो. सीएसएसमधली न कळलेली ओळ सोडून पुढे जातो. जावास्क्रिप्टला असली माफी नाही. व्याकरणाची एक चूक झाली की ती अख्खी फाइल चालत नाही.

शोधाची चौकट घ्या. फॉर्मला सर्व्हरचा पत्ता आणि सबमिट बटण दिले की एंटर दाबताच ब्राउझर स्वतःच विनंती पाठवतो आणि निकालांचे नवे पान उघडते. त्यावर जावास्क्रिप्टची स्क्रिप्ट चढवून सबमिट अडवायचे आणि निकाल त्याच पानात आणायचे. स्क्रिप्ट पोहोचली नाही तर पहिली वाट मोकळीच असते. याउलट डिव्हला (स्वतःचा काही अर्थ नसलेल्या साध्या चौकटीच्या टॅगला) रंगरंगोटी करून बटण बनवले, तर टॅब कीने तिथे पोहोचता येत नाही, एंटर चालत नाही आणि स्क्रीन रीडरला (पान वाचून दाखवणाऱ्या साधनाला) ते बटण आहे हे कळत नाही. मग हे सगळे हाताने जोडत बसायचे, आणि त्यातले काहीतरी हमखास राहते.

‘हल्ली जावास्क्रिप्ट बंद ठेवतं कोण?’ हा नेहमीचा आक्षेप. ब्रिटनच्या गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिसने २०१३ मध्ये मोजले, तेव्हा १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्टच्या सोयी पोहोचत नव्हत्या. त्यात जावास्क्रिप्ट बंद असलेले किंवा तशी सोयच नसलेले ब्राउझर वापरणारे एकूण लोकांच्या जेमतेम ०.२ टक्के. उरलेल्यांच्या ब्राउझरमध्ये ती चालू होती, तरी पानावर चालली नाही. तुटलेले नेटवर्क, कार्यालयाची फायरवॉल किंवा एखादे एक्स्टेन्शन एवढे त्याला पुरते.

पूर्वी जावास्क्रिप्टच्या लायब्ररीवाचून (तयार कोडच्या संचावाचून) न होणारी बरीच कामे आता ब्राउझरच करतो. डिटेल्स आणि समरी टॅगने उघडझाप होणारा मजकूर स्क्रिप्टविना मिळतो. डायलॉग टॅग २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. तो मोडल म्हणून, म्हणजे पानावर येऊन लक्ष अडवून धरणारी चौकट म्हणून, उघडला की मागचे पान निष्क्रिय होते आणि एस्केपने चौकट मिटते. तारखेचे इनपुट न ओळखणारा ब्राउझर साधी मजकुराची पेटी दाखवतो. मात्र फॉर्ममध्ये भरलेल्या माहितीची ब्राउझरमधली तपासणी फक्त सोयीपुरती. सर्व्हरवर ती पुन्हा करावीच लागते.

चित्रे काढण्याची किंवा व्हिडिओ संपादनाची साधने या चौकटीत नीट बसत नाहीत, कारण स्क्रिप्ट काढली तर तिथे करण्यासारखे काही उरत नाही. बातम्यांच्या आणि अर्ज भरण्याच्या साइटना ही सबब लागू पडत नाही, तरी ती सर्रास सांगितली जाते.